फ्रीजच्या दारातली बाटली

प्रश्न : पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. पावसाळा सुरू झाला आणि मुलीचे डोळे आले. सासूबाईंचं मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाच्या ड्रॉप्सची उरलेली बाटली फ्रीजच्या दारात होती. ‘मोठ्या दवाखान्यातलं महागाचं औषध आहे, वाया कशाला घालवायचं?’ म्हणून सासूबाईंनी ते नातीच्या डोळ्यांत दोन दिवस घातलं. लेखिकेला हे कळल्यावर त्यांनी बाटली काढून घेतली आणि मुलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सात दिवसांसाठी अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले. तीन दिवसांत डोळे निवळले, तेव्हा ‘उगाच जास्त अँटिबायोटिक नको’ म्हणून लेखिकेनेच ते बंद केले. अर्धी बाटली शिल्लक आहे. सासूबाई दुखावल्या आहेत. ‘माझ्या डोळ्याला चाललं ते नातीला विष झालं का?’ असं म्हणून त्यांनी बोलणं टाकलं आहे. नवरा म्हणतो, डोळे आल्यावर डॉक्टरला पैसे घालतं का कुणी! शेवटी तंटा नको म्हणून लेखिकेने ती बाटली सासूबाईंना परत दिली. आता लेखिकेचाच डावा डोळा लाल झाला आहे, सकाळी पापण्या चिकटतात. त्या विचारतात, मुलीची उरलेली बाटली मी वापरू का? आणि सासूबाईंना न दुखावता हे समजावू कसं? पत्राच्या शेवटी त्या सहज लिहितात, की सासऱ्यांचा उजवा डोळाही चार दिवस लाल आहे. उसाचा पाला काढताना पात लागली होती. तेही सासूबाईंच्याच बाटलीतले थेंब घालतात, ‘आणि त्यांना बरं वाटतंय, म्हणून मी काही बोलले नाही.’

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि बातमी एक. प्रश्नांकडे नंतर येते. बातमी तुम्ही शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता सांगितलीत, आणि ती वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. सासऱ्यांबद्दलचं उत्तर मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. ते इथे पुन्हा लिहिते आहे, कारण उसाच्या, भाताच्या, ज्वारीच्या रानात काम करणारी माणसं घरोघरी आहेत.

डोळ्याला उसाची पात, काडी, कुसळ, धान्याचं फोलपट असं काहीही लागलं आणि नंतर डोळा लाल राहिला, तर त्याला ‘डोळे आले’ म्हणायचं नाही. ती जखम आहे. बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा खरचटतो आणि पानावरची बुरशी त्या ओरखड्यातून आत शिरते. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत हे पावसाळ्यात अधिक होतं. अशा बुरशीवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही, कारण ते जिवाणूंचं औषध आहे. बुरशीचं औषध वेगळं असतं आणि तेसुद्धा जखमेच्या वरच्या थराचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवावं लागतं.

आणि सासूबाईंच्या बाटलीत नुसतं अँटिबायोटिक नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत घटकांची ओळ स्पष्ट दिसते : मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन. यातलं दुसरं नाव स्टेरॉइडचं आहे. डोळा लाल होतो, दुखतो, सुजतो, ते शरीर आतल्या शत्रूशी झुंजत असतं म्हणून. स्टेरॉइड ती झुंजच थोपवतं. लाली ओसरते, ठणका कमी होतो, माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणून ‘त्यांना बरं वाटतंय’ हे तुमचं वाक्य वाचून मला दिलासा मिळाला नाही, उलट काळजी वाढली. रुग्णालयातल्या नोकरीत अशी किती माणसं मी पाहिली, ज्यांना पहिले आठ दिवस बरं वाटत होतं आणि नववा दिवस उजाडला तेव्हा डोळ्यात पांढरं फूल पडलेलं होतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना उपजिल्हा रुग्णालयात नेलंत, हे फार चांगलं केलंत. पिवळा रंग घालून तपासल्यावर बुबुळावर लहानशी जखम दिसली, नमुना घेतला, जुनी बाटली बंद करून तासातासाने घालायचे वेगळे थेंब दिले, असं तुम्ही कळवलंत. आता हे काम काही आठवड्यांचं आहे, दोन-चार दिवसांचं नाही. रात्रीचे थेंब ‘झोपलेत, राहू दे’ म्हणून चुकवू नका. डोळ्यावर पट्टी बांधू नका. बंद पट्टीखाली डोळा गरम आणि ओला राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. उन्हात काळा चष्मा चालेल. आणि जखम भरेपर्यंत रानात जाणं नको, हे त्यांना तुम्ही सांगण्याऐवजी तुमच्या नवऱ्याने सांगितलेलं बरं.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती तुमची, सासूबाईंची, नवऱ्याची, सगळ्यांचीच आहे. तुम्ही तिघं एकमेकांशी भांडताय, पण त्या मुद्द्यावर तुमचं एकमत आहे. लाल डोळा हा एक आजार आहे आणि त्यावर एक औषध आहे, असं तुम्ही तिघंही धरून चालला आहात. सासूबाई म्हणतात ते औषध फ्रीजमध्ये आहे, तुम्ही म्हणता ते डॉक्टरकडे आहे, नवरा म्हणतो मेडिकलमध्ये मिळतं. पण लाल डोळा हे आजाराचं नाव नाही. ताप जसा दहा कारणांनी येतो तसा डोळाही बऱ्याच कारणांनी लाल होतो, आणि यांतल्या मोठ्या भागाला अँटिबायोटिक लागतच नाही.

पावसाळ्यात साथीने येतात ते डोळे बहुतेक विषाणूंमुळे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर पसरलेली साथ तुम्हाला आठवत असेल. ती विषाणूंचीच होती. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईच्या काळात डोळ्यांची जी मोठी साथ आली आणि बंगालमध्ये जिला लोक ‘जय बांगला’ म्हणू लागले, तीही विषाणूचीच होती. असा डोळा आधी एका बाजूला लाल होतो, एक-दोन दिवसांत दुसऱ्या बाजूला. पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, कधी घसा दुखतो, कानापुढे छोटी गाठ हाताला लागते. पहिले तीन-चार दिवस वाढतो आणि मग एक-दोन आठवड्यांत आपला आपण उतरतो. थंड पाण्याच्या घड्या आणि फार तर डोळे ओले ठेवणारे साधे थेंब, एवढंच त्याला पुरतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही इलाज चालत नाही.

जिवाणूंमुळे डोळे येतात तेव्हा पाण्यापेक्षा घट्ट पिवळी-हिरवी चिपडं जास्त असतात. पुसली की पुन्हा येतात, सकाळी पापण्या अशा चिकटतात की ओल्या कापसाशिवाय उघडत नाहीत. लहान मुलांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले ते बहुधा म्हणूनच. तिसरा प्रकार ॲलर्जीचा. दोन्ही डोळ्यांना विलक्षण खाज, मूल सारखं डोळे चोळतं, आणि दरवर्षी ठरावीक महिन्यांत हे होतं. तो कुणाचा कुणाला लागत नाही.

हे तिन्ही एकमेकांसारखे दिसतात. डॉक्टरांनाही कधी एका नजरेत सांगता येत नाही, मग काउंटरच्या पलीकडून मेडिकलवाल्या दादांना कसं सांगता येणार? त्यांच्यावर माझा राग नाही. गिऱ्हाईक ‘डोळ्याचं काहीतरी द्या’ म्हणतं आणि ते लवकर लाली जाणारं देतात. लवकर लाली जाणारं म्हणजे पुष्कळदा तेच स्टेरॉइडचं मिश्रण. अँटिबायोटिकच्या बाटलीवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. ती रेघ बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

एक मुलगा माझ्या आठवणीतून जात नाही. बारा वर्षांचा असेल. दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज यायची. कुणीतरी एकदा थेंब दिले, दोन दिवसांत आराम पडला, मग घरचे तीच रिकामी बाटली दाखवून दुकानातून नवीन आणत राहिले. दोन वर्षं. आई मोठ्या मायेने रोज न चुकता घालायची. माझ्याकडे आला तो ‘शाळेत बाजूला बसलेला मुलगा दिसत नाही’ म्हणून. स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढला होता आणि नजरेची शीर सुकत आली होती. काचबिंदू. गेलेली नजर परत आणता येत नाही, राहिलेली तेवढी आम्ही राखली. त्या बाईंनी मला विचारलं, ‘माझं काय चुकलं?’ त्यांना काय सांगावं ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. आज हे सदर लिहिते ते थोडंफार त्यांच्यासाठीच.

म्हणून बाटलीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून द्या आणि खालची बारीक ओळ वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट यांतलं एखादं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. कंपनीच्या नावापुढे डी, डीएक्स, पी, एलपी अशी शेपटी असेल तर सोबत आणखी काही मिसळलेलं आहे, तेव्हा ओळ दोनदा वाचा. अक्षरं बारीक असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, तुम्ही मला पाठवताना केलंत तसाच. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. ऑपरेशननंतर सासूबाईंच्या डोळ्याला त्याची खरोखर गरज होती, म्हणूनच त्यांना ते आठवड्या-आठवड्याला कमी करत जाण्याचा कागद मिळाला असेल. डोळा तपासून दिलं आणि पुन्हा तपासून थांबवलं, तर ते काम करतं.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. रागावू नका. सासूबाईंची उरलेली बाटली मुलीला घालणं तुम्हाला चूक वाटलं. मग मुलीची उरलेली बाटली स्वतःला घालणं वेगळं कसं?

तुमच्या बाटलीत स्टेरॉइड नाही, हा फरक आहे आणि तो मोठा आहे. बाकी सगळं तेच. तिचा डोळा कशाने लाल होता आणि तुमचा कशाने, हे कुणी ताडून पाहिलेलं नाही. तीन दिवस ती बाटली चुळबुळ करणाऱ्या मुलीच्या पापण्यांना लागली असणार, म्हणजे तिच्या डोळ्यातले जंतू तोंडाशी असू शकतात. मुलीनंतर चार-पाच दिवसांत तुम्हाला झालं, म्हणजे हे तिच्याकडूनच आलं असावं. ते विषाणूचं असेल तर ही बाटली निरुपयोगी आहे. जिवाणूचं असेल तर तुम्हाला तुमची बाटली हवी. एका बाटलीत दोन माणसं नकोत, आईलेकीसुद्धा.

आणि ते तिसऱ्या दिवशी थांबवणं. ‘उगाच जास्त अँटिबायोटिक नको’ हा तुमचा विचार मुळात योग्य आहे आणि तो घरात कुणीतरी करतंय याचं मला बरं वाटलं. पण तो चिठ्ठी घेताना करायचा. तिथे विचारा : डॉक्टर, हे विषाणूचं आहे की जिवाणूचं? ड्रॉप्सची खरंच गरज आहे का? किती दिवस? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. गरज आहे असं ठरलं की मग सांगितलेले दिवस पुरे करायचे. मधेच सोडलं तर उरलेसुरले जंतू पुन्हा डोकं काढू शकतात, आणि औषधाला सरावलेल्या जंतूंचा धोका असा अर्ध्यामुर्ध्या वापरानेही वाढू शकतो. मुलीचे डोळे आता स्वच्छ असतील तर घाबरण्याचं कारण नाही. एक फोन करून डॉक्टरांना ‘तीन दिवसांनी थांबवलं’ एवढं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. उरलेली बाटली मात्र पुढच्या वेळेसाठी जपू नका.

तुमच्या डोळ्याबद्दल. दुखत नसेल, उजेड सहन होत असेल, चिपडं पुसल्यावर नजर नेहमीसारखी स्वच्छ असेल आणि तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत नसाल, तर दोन-तीन दिवस साध्या उपायांवर थांबायला हरकत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदा पुसायचं, तो बोळा टाकायचा, दुसरा घ्यायचा. वाढलं, चिपडं घट्ट झाली किंवा दोन-तीन दिवसांत उतार दिसला नाही तर डॉक्टरांकडे जा. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे. प्रत्येक लाल डोळ्यासाठी दवाखाना लागत नाही. पण त्यांनी त्यापुढचंही ऐकावं : औषधाशिवाय वाट बघणं एक आणि डॉक्टरशिवाय औषध घालणं दुसरं. पहिलं पुष्कळदा चालतं. दुसरं महागात पडतं.

आणि काही डोळे एक दिवसही थांबायचे नसतात. डोळा ठणकतो, उजेडाकडे बघवत नाही, दिसणं अंधूक झालं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, डोळ्याला काही लागलंय, चुना, खत किंवा फवारणीचं औषध उडालंय (तिथे आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग निघायचं), डोकं फुटेल असं दुखून उलट्या होताहेत आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झालाय, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आणि महिन्याच्या आतलं बाळ असेल तर नुसती चिपडं आली तरी त्याच दिवशी. पैशांचा प्रश्न असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सासऱ्यांसाठी तुम्ही तिथे गेलाच आहात.

ड्रॉप्स द्यायचं ठरलं तर ते घालायचे कसे, हे दवाखान्यात सांगायला कुणाला वेळ नसतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते. सुरुवात बाटली उघडण्यापासून. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या टोपणातच आतून टोक असतं. टोपण घट्ट खालपर्यंत फिरवलं की तोंडाला बारीक भोक पडतं. पण घरोघरी सेफ्टी पिन नाहीतर सुई घेतात. कुणी ती काडीवर तापवतात आणि शुद्ध झाली असं समजतात. त्याने भोक मोठं पडतं, थेंबाऐवजी धार लागते, आठवड्याचं औषध तीन दिवसांत संपतं आणि पिनेवरचं सगळं आत जातं. टोपण फिरवा, तेवढं पुरे. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांच्या पुढे वापरायची नाही, मग खोक्यावर छापलेली मुदत दोन वर्षांनंतरची का असेना. ती मुदत बंद बाटलीची असते. सासूबाईंची बाटली मार्चमध्ये उघडलेली. ती तर केव्हाच बाद झाली होती.

हात साबणाने धुवा. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, वर बघायला सांगा आणि त्या खिशात एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला कशालाच लागू देऊ नका. एकच थेंब. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा पुरती नसते, दुसरा गालावरच ओघळतो. मग डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. घशाला कडवट चव आली तर घाबरू नका, ती याच वाटेने येते. दोन प्रकारचे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. मलमानंतर थोडा वेळ धुरकट दिसतं, तेव्हा लगेच गाडीवर बसू नका. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला, दुप्पट नको. आणि थेंब घातल्यावर खाज, सूज, लाली वाढतच चालली तर बंद करून डॉक्टरांना सांगा. औषधही कधी मानवत नाही.

तुमच्या मुलीसारखं मूल डोळा गच्च मिटून घेत असेल तर ओढाताण करू नका. तिला उताणी झोपवा, मिटल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि गोष्ट सांगत राहा. डोळा उघडला की तो आपसूक आत जातो.

बाटली फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर, तेही लेबलवर वाचा. काही औषधांना गारवा लागतो, काहींना लागत नाही. कानात घालायच्या थेंबांच्या आणि चिकटवायच्या गोंदाच्या बाटल्याही तेवढ्याच आकाराच्या असतात. त्या डोळ्याच्या औषधाशेजारी कधीच नको. रात्री दिवा न लावता चाचपडत घातलेल्या भलत्याच बाटलीने भाजलेले डोळे मी पाहिले आहेत. आईचं दूध, मध, गुलाबपाणी, तुरटीचं पाणी, काजळ यातलं काहीही लाल डोळ्यात नको. ते निर्जंतुक नसतं, एवढं एक कारण पुरेसं आहे.

घरात पसरू नये म्हणून टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. आणि एक सवय मोडायला कठीण आहे, पण मोडा. मुलीचे डोळे पदराने पुसू नका. त्याच पदराला तुम्ही हात पुसता, त्याच हाताने तुमचा डोळा चोळता. डोळे आलेल्याकडे नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत. ते हातांनी येतात. शाळेत पाणी आणि चिपडं थांबल्यावर पाठवा.

राहिल्या सासूबाई. तुम्ही विचारता, न दुखावता कसं समजावू. मला वाटतं समजावण्यापेक्षा आधी ऐकायला हवं. ‘माझ्या डोळ्याला चाललं ते नातीला विष झालं का?’ या वाक्यात औषधाविषयी फार थोडं आहे. त्या नातीला आपल्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट देत होत्या आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली गेली. त्या कागद बघून महिनाभर घड्याळ लावून थेंब घालत होत्या ना? म्हणजे तुमच्या घरात ड्रॉप्स नीट घालण्याचा सराव असलेलं माणूस एकच आहे. सासऱ्यांच्या थेंबांचं वेळापत्रक त्यांच्याच हाती द्या. तासातासाला थेंब घालणं तुम्हाला एकटीला झेपणारही नाही. देताना एवढंच म्हणा, ‘आई, ते औषध तुमच्या डोळ्यासाठी एकदम बरोबर होतं. हे वेगळं दुखणं आहे, म्हणून हे वेगळं औषध.’ बाटली काढून घेताना बहुधा तुम्ही घाबरलेल्या होतात आणि आवाज चढला असेल. तो चढला त्याबद्दल माफी मागितलीत तर त्यात तुमचा मुद्दा चुकीचा ठरत नाही.

सासऱ्यांना पुन्हा दाखवायला जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या, आणि ती बाटलीही न्या. तुम्ही लिहिलंत, की त्यांनी ती बाटली परत मागितली, त्यांना मधूनमधून डोळ्यात चुरचुरतं तेव्हा त्याही एखादा थेंब घालतात. मार्चपासून आतापर्यंत त्या स्टेरॉइड घालताहेत आणि या सगळ्या भांडणात त्यांच्या डोळ्याचं कुणीच विचारलेलं नाही. तिथे सांगा, ऑपरेशनला चार महिने झाले, हे थेंब अजून अधूनमधून चालू आहेत, डोळ्यातला दाब मोजून द्या. दोन मिनिटांचं काम असतं, दुखत नाही. चुरचुरीचं कारणही तेव्हाच विचारा. ऑपरेशननंतर डोळे कोरडे पडणं अनेकांना होतं आणि त्याला साधे थेंब मिळतात.